मागणी पुरेपूर, दूध तेवढंच : अपुऱ्या दुग्धग्रंथींचं एक प्रकरण

पहिलटकरीण, वय २९. दिवस पूर्ण भरलेले, प्रसूती नैसर्गिक, रक्तस्राव नेहमीइतकाच. मुलगी झाली, जन्माचं वजन २.९६ किलो. पहिल्या तासाच्या आत बाळ अंगावर घेतलं आणि त्यानंतर ते आईजवळच होतं. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना वजन २.७६ किलो, म्हणजे जवळपास ७ टक्के घट. एवढी घट चालून जाते. कागदावर ‘स्तनपान व्यवस्थित सुरू’ असा शेरा होता आणि पुढची तपासणी दोन आठवड्यांनी लिहून दिली होती.

नवव्या दिवशी स्तनपानाच्या सल्ल्यासाठी ते माझ्याकडे आले, तेव्हा काट्यावर २.६२ किलो दिसले. साडेअकरा टक्के घट. साधारणपणे चौथ्या-पाचव्या दिवसापासून वजन वर चढू लागतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वेळचं वजन भरून निघतं. हे बाळ अजून खालीच चाललं होतं.

आईसोबत तिची आई आणि नवरा होता. आजी दारातूनच बोलायला लागल्या, “मॅडम, ही दिवसभर तिला छातीला लावूनच बसलेली असते हो. बाळ सोडतच नाही. मग दूध जातं कुठे?” नवऱ्याने मोबाइलवर सगळ्या पाजण्याच्या वेळा टिपून ठेवल्या होत्या. अशा नोंदी लोक कौतुकाने दाखवतात, पण या नोंदी वाचून पोटात गोळा आला: दर तासा-सव्वातासाने पाजणं, एकेक वेळ चाळीस-पन्नास मिनिटांची, रात्रीही तेच. चोवीस तासांत ओले लंगोट तीन, त्यातल्या एकावर विटकरी डाग. शी आदल्या दिवशी सकाळी झालेली, हिरवट आणि नावापुरती. या वयाच्या बाळाला दिवसाला निदान सहा वेळा भरपूर लघवी आणि तीन-चार वेळा पिवळी शी व्हायला हवी. विटकरी डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसले तर फारशी काळजी नसते. नवव्या दिवशी दिसले तर बाळाच्या पोटात पुरेसं जात नाही हे धरून चालावं.

बाळ झोपाळू होतं, पण उठवलं की उठत होतं. त्याच तासाला त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्तातलं सोडियम १४९ निघालं, वरच्या मर्यादेपेक्षा थोडं जास्त, म्हणजे अंगात पाणी कमी पडत होतं. साखर ठीक, कावीळ उपचार लागण्याइतकी नाही. भरती करावं लागलं नाही. लगेच वरचं दूध सुरू करायचं आणि दुसऱ्या दिवशी रक्त पुन्हा तपासायचं असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सोडियम खाली आलं होतं.

हा क्रम मी मुद्दाम आधी लिहिते आहे. दूध का कमी आहे याचा शोध चार दिवस चालला तरी चालतो, बाळाचं पोट चार तासही थांबत नाही. वरचं दूध दिलं की अंगावरचं आटतं, या भीतीने घरचे लोक आणि कधी कधी आमच्यातलेही काही जण बाळाला उपाशी ठेवतात. उपाशी बाळ दमतं, दमलेलं बाळ नीट ओढत नाही, आणि नीट न ओढल्यामुळे दूध खरोखर कमी होतं. भरल्या पोटाचं बाळ छातीवर जास्त चांगलं काम करतं.

काटा काय म्हणाला

वरचं दूध सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी सविस्तर भेट झाली. दोन ग्रॅमपर्यंत नेमका दाखवणारा काटा होता. बाळाला त्याच कपड्यांत, त्याच लंगोटात पाजण्याआधी तोललं, डाव्या बाजूनंतर तोललं, उजव्या बाजूनंतर पुन्हा तोललं. एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर.

बाळाने स्तन छान पकडला. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी रुतलेली, आईला दुखत नव्हतं. जिभेची हालचाल मी बोटाने पाहिली होती, त्यात काही अडचण नव्हती. सुरुवातीला भराभर चोखणं, मग पान्हा फुटल्यावर जबड्याची हालचाल खोल आणि संथ झाली आणि दोन चोखण्यांमागे एक घोट ऐकू येऊ लागला. मिनिटभर तो आवाज टिकला. मग पाच-सहा चोखण्यांमागे एक घोट, आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला नुसती हनुवटीची थरथर. बाळ छातीला लागलेलंच होतं, डोळे मिटलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, किती मन लावून पितंय.

डावीकडून ४ ग्रॅम, उजवीकडून १० ग्रॅम.

या वजनाच्या बाळाला दिवसाला साधारण ३९० मिलिलिटर लागतात (किलोमागे दीडशेचा ढोबळ हिशेब), म्हणजे आठ-नऊ वेळांत विभागले तर प्रत्येक वेळी पंचेचाळीस-पन्नास. इथे एका वेळी चौदा मिळत होते. घरी भाड्याने काटा नेऊन त्यांनी चोवीस तासांचं मोजमाप केलं तेव्हा बाळाने अंगावरून घेतलेलं १२० आणि पंपाने निघालेलं २५, असा दिवसाचा आकडा १४५ आला.

इथपर्यंत आलेल्या प्रकरणांपैकी बहुतेकांत दोष पकडण्यात, वेळापत्रकात किंवा आजारपणात सापडतो आणि तो दुरुस्त करता येतो. म्हणून ‘हिच्या अंगातच दूध नाही’ असं कुणी सहज म्हटलं की मला राग येतो. दहात नऊ वेळा ते खोटं असतं असं मी बोलण्याच्या भरात म्हणते. आकडा शास्त्रीय नाही, पण रोख तोच. या आईच्या बाबतीत मात्र पकड चांगली होती, वेळा हव्या त्याहून जास्त होत्या, पान्हा फुटत होता, आणि तरी तीन मिनिटांत दूध संपत होतं. तेव्हा पाहायला हवं होतं ते दूध जिथे बनतं तिथे.

तपासणी

मी विचारलं, “गरोदरपणात छातीत काय बदल झाला?”

“काहीच नाही. आतले कपडे तेच चालले शेवटपर्यंत.”

“आणि बाळ झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरली, जड झाली, दुखली?”

“सगळे विचारत होते तेच. मी वाट बघत होते.”

ही दोन उत्तरं मला कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा मोलाची वाटतात. गरोदरपणात स्तनांत दूध बनवणाऱ्या पेशींची मोठी वाढ होते. वार बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन (गरोदरपण टिकवणारं आणि तोवर दूध रोखून धरणारं संप्रेरक) झपाट्याने उतरतं आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसात दूध जोरात सुरू होतं. काहींना उशीर होतो: पहिलटकरणींना, सिझेरियननंतर, मधुमेहात, जास्त वजन असताना. पण नऊ-दहा दिवसांनंतरही छाती अजिबात भरलीच नसेल, तर त्याला उशीर म्हणत नाहीत.

पाहणीत दोन्ही स्तनांमधलं सपाट अंतर ५ सेंटिमीटर भरलं. डावा उजव्याहून स्पष्ट लहान. दोन्हींचा आकार तळाशी अरुंद आणि नळीसारखा, स्तनाग्राभोवतीचं काळसर वर्तुळ मोठं आणि फुगीर, जणू वेगळं चिकटवलेलं. हाताने चाचपताना दूध बनवणारी ग्रंथी गाठाळ, दोऱ्यांच्या गुंत्यासारखी लागते आणि चरबी मऊ, एकसारखी लागते. उजवीकडे तो गाठाळ भाग वर्तुळाखाली आणि काखेकडे होता. डावीकडे वर्तुळाखालची एक पातळ पट्टी सोडली तर हाताला काही लागत नव्हतं, आणि खालचा आतला चतुर्थांश दोन्हीकडे मोकळा होता.

स्तन लहान असणं म्हणजे हा प्रकार नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. लहान स्तन बहुधा चरबी कमी म्हणून लहान असतो. त्यात ग्रंथी भरपूर असू शकते आणि जुळ्यांना पुरेल इतकं दूध येऊ शकतं. उलट मोठ्या, भरदार दिसणाऱ्या स्तनात नुसती चरबीही असू शकते. बघायचं असतं ते अंतर, आकार, दोन बाजूंतला फरक आणि गरोदरपणातला बदल, आणि तेही सगळं एकत्र धरून. यातलं एखादंच लक्षण असलेल्या कितीतरी बायका पोटभर पाजतात.

वैद्यकीय नियतकालिकांत हे नवीन नाही. ‘पीडियाट्रिक्स’मध्ये १९८५ साली ग्रंथींची वाढ अपुरी असल्यामुळे स्तनपान अपयशी ठरलेल्या तीन स्त्रियांचं वर्णन आलं होतं. २००० साली अशीच लक्षणं असलेल्या ३४ मातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन स्तनांमधलं सुमारे दीड इंचाहून जास्त अंतर आणि कमी दूध यांचा संबंध त्यात पुढे आला. त्या सगळ्याच मातांना दूध कमी पडलं नव्हतं, हेही त्यातच आहे. तरीही प्रसूतीपूर्व तपासणीत छाती पाहून दोन ओळी लिहिण्याची पद्धत अजून रुजलेली नाही.

बाकीची कारणं बाजूला काढल्याशिवाय मी निदानाचा शब्द उच्चारत नाही. थायरॉइड पाहिलं, ठीक होतं. वारेचा तुकडा आत राहिला तर प्रोजेस्टेरॉन उतरत नाही आणि दूध अडतं, म्हणून सोनोग्राफी करून घेतली. गर्भाशय मोकळं होतं. हिमोग्लोबिन ११. छातीवर कधी शस्त्रक्रिया नाही, किरणोपचार नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या नाहीत, सर्दीची सुडोएफेड्रिन असलेली औषधं नाहीत. पाळी आधीपासून अनियमित होती. पीसीओएस (बीजांडकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) असलेल्या काही जणींना दूध कमी येतं, त्यामुळे टेस्टोस्टेरॉनही पाहिलं, ते मर्यादेत होतं. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला सांगणारं संप्रेरक, दूध पाजणाऱ्या आईचं असायला हवं तसं वाढलेलं. म्हणजे वरून हुकूम वेळेवर पोचत होता, कामाला माणसंच कमी होती.

ग्रंथी अपुरी असल्याचं सांगणारी कुठलीही एक रक्तचाचणी नाही. निदान इतिहास, पाहणी, मोजमाप आणि इतर कारणं वगळणं यांच्या बेरजेतूनच होतं. या आईला ते सांगितलं, तेव्हा मला वाटलं होतं रडेल. ती चिडली. “डावी-उजवी बाजू सारखी नाही हे मला चौदाव्या वर्षापासून माहीत आहे. नऊ महिने तपासण्या झाल्या, कोणी बघितलं नाही, विचारलं नाही. आणि बाळ झाल्यावर सगळे म्हणतात, अजून थोडं लाव, येईल.” तिच्या रागात मला काही चूक दिसली नाही. ‘बाळ जितकं ओढेल तितकं दूध येईल’ हा नियम खराच आहे, पण त्याला एक अट आहे जी कुणी उच्चारत नाही: ओढल्यावर दूध बनवायला पुरेशी ग्रंथी आत असली पाहिजे.

आजींची प्रतिक्रिया वेगळी होती. त्यांनी विचारलं, “माझ्यामुळे आलं का हिला हे?” तसं ठरवता येत नाही, कारण नेमकं कारण बहुतेकदा सापडतच नाही. मी एवढंच म्हटलं की कुणी काही खाल्लं-प्यायलं, केलं-नाही केलं म्हणून हे होत नाही. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही.

किती प्रयत्न करायचे

इथून पुढचा भाग मला निदानापेक्षा अवघड वाटतो. निदानानंतर दोन टोकं असतात. एक म्हणजे ‘मग सोडूनच द्या’, दुसरं म्हणजे ‘जिद्दीने करा, सगळं शक्य आहे’. दोन्हींत आईला काय हवं आहे हे कुणी विचारत नाही. हिला विचारलं. तिला पाजायचं होतं, पण दिवसाचे सगळे तास त्यात घालवायचे नव्हते.

मी ठरावीक मुदतीचा प्रयत्न सुचवते. दोन आठवडे दुहेरी इलेक्ट्रिक पंप, पाजून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून सहा-सात वेळा, सोबत हाताने दाबून काढणं. पंपाची गळणी तिला मोठी होत होती, ती बदलल्यावर दुखणं थांबलं. अंगावर पाजण्याला मर्यादा घातली: घोट ऐकू येतात तोवर, साधारण दहा-पंधरा मिनिटं एका बाजूला, मग वरचं दूध, मग पंप, आणि हे सगळं तासाभरात संपवायचं. संपत नसेल तर पंप गाळायचा, झोप नाही. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दिवसाचं दूध १९० मिलिलिटरवर आलं. वाढ झाली, पण तोवर बाळाची गरजही वाढली होती.

औषधाचा विषय तिने स्वतः काढला. डॉम्पेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवतं, पण काही जणांत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दूध वाढवण्यासाठी ते वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता, आणि इतर काही देशांत डॉक्टर ते देखरेखीखाली देतात. प्रोलॅक्टिन आधीच चांगलं असताना मला फार अपेक्षा नव्हती आणि तसं मी सांगितलं. तिच्या डॉक्टरांनी ईसीजी पाहून, घरात हृदयविकाराचा इतिहास विचारून, तिची इतर औषधं तपासून कमी मात्रेत तीन आठवडे दिलं. आकडा २३० पर्यंत गेला आणि तिथेच बसला. मग मात्रा हळूहळू उतरवून बंद केलं. एकदम बंद केल्यावर काहींना झोप उडणं, घालमेल असा त्रास झालेला आहे, म्हणून सावकाश. दूध वाढवणाऱ्या वनस्पतींच्या भुकट्या घरात चार प्रकारच्या येऊन पडल्या होत्या. त्यांचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि नसलेली ग्रंथी त्यांनी उगवत नाही.

नीट रिकामं करूनही सलग दोन आठवडे आकडा हलला नाही, की तो आकडा म्हणजे त्या छातीची क्षमता असं मी धरते. महिन्यानंतर फक्त अंगावर पिणारी बाळं सरासरी दिवसाला ७५० ते ८०० मिलिलिटर घेतात, आणि बाळागणिक त्यात बराच फरक असतो. या बाळाला सातव्या आठवड्यात साधारण सहा-साडेसहाशे लागत होते. म्हणजे आईचं दूध एक तृतीयांशाच्या आसपास.

“मग पंप बंद केला तर चालेल?” हा तिचा पुढचा प्रश्न. चालेल, म्हटलं. २३० चे थोडे कमी होतील, आणि थोडे कमी झालेलं दूधही दूधच असतं. तिने पंप आधी दोन वेळांवर आणला आणि दहाव्या आठवड्यात ठेवून दिला.

नळी

अंगावर पाजायचं ते तिला फक्त दुधासाठी नको होतं, म्हणून छातीवरच वरचं दूध देणारी नळी दाखवली. गळ्यात अडकवलेली छोटी बाटली, तिच्यातून निघालेली शेवयीइतकी बारीक नळी, कागदी चिकटपट्टीने स्तनावर लावलेली, टोक स्तनाग्राच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे. बाळ ओढतं तेव्हा छातीतलं आणि बाटलीतलं दूध सोबत येतं. बाटली खांद्याजवळ धरली की धार जोरात, कमरेकडे नेली की मंद. पहिल्या वेळी अर्धं दूध आईच्या पोटावर सांडलं, दुसऱ्या वेळी बाळाने नळी जिभेने बाजूला सारली. वरच्या ओठाच्या मध्याऐवजी तोंडाच्या कोपऱ्यातून सरकवली, तेव्हा जमलं.

ही नळी सगळ्यांना मानवत नाही. धुणं कटकटीचं असतं, पाहुण्यांसमोर अवघड वाटतं, रात्री दोन वाजता चिकटपट्टी सापडत नाही. हिने दिवसा तीन-चार वेळा नळी आणि रात्री बाटली असं वाटून घेतलं. रात्रीची बाटली बाबाकडे. बाटली देताना बाळाला जरा बसतं धरून, बाटली आडवी ठेवून, मधे मधे थांबत पाजायला सांगितलं. धार सहज मिळायची सवय लागली की बाळ छातीवर कुरकुरतं.

वजनाचं म्हणाल तर वरचं दूध सुरू झाल्यावर ते कधीच अडलं नाही. सोळाव्या दिवशी २.९५ किलो, म्हणजे जन्माच्या वजनाजवळ. पुढे पहिले तीन महिने दिवसाला तीस ग्रॅमच्या आसपास वाढ. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं तेव्हा नळीही सुटली. आठव्या महिन्यात बाळ सकाळी उठल्यावर आणि झोपताना अंगावर पीत होतं, बाकी सगळं वरचं. त्या दोन वेळांत किती दूध जातं हे आम्ही मोजलं नाही. आता मोजण्याचं काही कारण नव्हतं.

पुढच्या वेळेसाठी

शेवटच्या भेटीत तिने दुसऱ्या बाळाचं विचारलं. प्रत्येक गरोदरपणात ग्रंथींची थोडी भर पडते, त्यामुळे दुसऱ्या वेळी दूध पहिल्यापेक्षा जास्त येणं बऱ्याच जणींत दिसतं. पूर्ण येईलच असं नाही. तिच्या फाइलवर मी पुढच्या डॉक्टरांसाठी लिहून दिलं: दोन्ही बाजूंना ग्रंथी अपुरी, डावीकडे जास्त, मागच्या वेळी जास्तीत जास्त दूध दिवसाला २३० मिलिलिटर. गरोदरपणात थायरॉइड आणि साखर पाहावी. अखेरच्या आठवड्यांत प्रसूतितज्ज्ञांनी परवानगी दिली तर चीक हाताने काढून गोठवून ठेवावा, कारण पहिल्या दिवसांत तोच वरचं दूध म्हणून कामी येतो. दाता-दूध मिळण्याची सोय आधीच विचारून ठेवावी. जन्मानंतर वजन तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी घ्यावं, दोन आठवडे थांबू नये. वजन ७ टक्क्यांच्या पुढे उतरलं किंवा पाचव्या दिवशी चढायला लागलं नाही, तर त्याच दिवशी वरचं दूध सुरू करावं आणि पाजणं चालू ठेवावं.